थेरपिस्टऐवजी सहाय्यकच घरी येतो. त्याने किती ठरवावे?

निपाणीची लेक

माझ्या आईचे वय ६७ आहे. निपाणीत तिने तीसेक वर्षे विड्या वळल्या. पाच महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली. बेळगावच्या एका केंद्रातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या) मॅडमनी सुरुवातीला तासभर तपासून उपचार ठरवून दिले आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा त्यांचा सहाय्यक घरी येतो. मुलगा चिकोडीकडचा आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलतो, वेळेवर येतो आणि आईशी मायेने वागतो. त्यामुळे हे गाऱ्हाणे समजू नये. मात्र मागच्या आठवड्यात त्याने आईचे चेंडू दाबणे बंद करून पेले उचलून ठेवण्याचा सराव सुरू केला, दोन-दोन तास लावायची मनगटाची स्प्लिंट (हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा आधार) पट्टा आवळून रात्रभर ठेवायला सांगितली, आणि ‘मॅडमना आता परत दाखवायची गरज नाही, प्रगती मी बघतोय’ असेही तो म्हणाला. सकाळी स्प्लिंट काढली की अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ दिसतो. यांतले त्याच्या अधिकारातले किती?

टिळकवाडीची ओटी

ताई, मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी तीन वेगळ्या पातळ्यांवरच्या आहेत.

चेंडूऐवजी पेले देणे मला वावगे वाटत नाही. उपचाराचे ध्येय ‘उजव्या हाताने वस्तू धरणे व सोडणे’ असे ठरलेले असेल, तर त्या चौकटीत राहून सराव सोपा-अवघड करणे, रुग्ण थकला की थांबणे, वस्तू बदलून पाहणे हेच सहाय्यकाचे कौशल्य आहे. बोटे आखडत असतील तर चेंडू मीही बंद केला असता. फक्त हा बदल त्याने त्याच दिवशी नोंदवून थेरपिस्टला कळवायला हवा.

स्प्लिंटचे तसे नाही. ती किती तास लावायची हे स्नायूंचा ताठरपणा, त्वचा आणि स्पर्शज्ञान तपासून ठरते. पक्षाघातानंतर हाताला बधिरपणा असेल तर रुतत असलेला पट्टा आईंना कळणारही नाही. काढल्यावर वीस मिनिटांत वळ गेला नाही, तर ती पुन्हा लावू नका आणि मॅडमना आजच फोन करा.

पुनर्तपासणीची गरज नाही, हे सांगणे तर त्याच्या अधिकारात अजिबातच येत नाही. पहिली तपासणी, तिचा अर्थ लावणे, ध्येये ठरवणे व बदलणे, आणि उपचार कधी थांबवायचे हा निर्णय थेरपिस्टचा असतो. सहाय्यकाचे निरीक्षण मोलाचे असते, कारण तो रुग्णाला आमच्यापेक्षा जास्त पाहतो. पण ते आमच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

खानापूरची सून

मी अमेरिकेत सहा वर्षे ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट म्हणून काम केले आहे. तिथे हा परवाना लागणारा स्वतंत्र पेशा आहे: साधारण दोन वर्षांची पदवी, त्यात १६ आठवड्यांचे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम (थेरपिस्टसाठी २४), मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. एवढे होऊनही मी स्वतंत्रपणे तपासणी सुरू करू शकत नसे. पकडीची ताकद मोजणे, आंघोळ किंवा कपडे घालणे पाहून ठरलेल्या तक्त्यात नोंदवणे, एवढा भाग थेरपिस्ट माझ्यावर सोपवत. त्या आकड्यांचा अर्थ त्याच लावत. माझ्या खालीही ‘एड’ (मदतनीस) असत, ज्यांनी खुर्ची आणावी, साहित्य मांडावे, पण कौशल्याचे उपचार करू नयेत. फरक पैशातही दिसतो: २०२२ पासून मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) सहाय्यकाने दिलेल्या उपचारासाठी एरवीच्या रकमेच्या ८५ टक्केच देते.

आपल्याकडे ‘असिस्टंट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. तेव्हा आधी या मुलाचे शिक्षण काय, हे विचारा. विचारण्यात अपमान नाही.

अथणीचा मास्तर

हे सगळे कागदावर बरोबर आहे. पण आमच्यासारख्यांचा बेळगावला जाण्या-येण्यातच दिवस मोडतो. वडिलांच्या वेळी सहाय्यक नसता तर कोणीच आले नसते. त्याचे हात बांधून ठेवले तर खेड्यातल्या रुग्णाने करायचे काय?

टिळकवाडीची ओटी

सर, मुद्दा रास्त आहे. पण देखरेख म्हणजे थेरपिस्टने दर वेळी खोलीत हजर राहणे नव्हे. ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल, दर भेटीची नोंद आणि ठराविक मुदतीने प्रत्यक्ष तपासणी एवढे झाले, तरी लांबच्या गावी सहाय्यक सुरक्षितपणे पुष्कळ काम करू शकतो. कायद्यातही या पातळ्या वेगळ्या आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यात थेरपिस्ट ज्या गटात येतात, त्यासाठी किमान ३,६०० तासांची पदवी लागते, तर तंत्रज्ञ व असोसिएट यांच्या गटासाठी किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी चालते.

ताई, केंद्राकडून ध्येये मराठीत लिहून मागा. इंग्रजी फाइल घरात कोणी वाचत नसेल, तर सहाय्यकाने चौकट ओलांडली की नाही हे तुम्हाला कसे कळणार?

निपाणीची लेक

सर्वांचे आभार. वळ अर्ध्या तासानेही गेला नव्हता. मॅडमनी फोटो मागवला, स्प्लिंट काढून ठेवायला सांगितली आणि शुक्रवारी स्वतः येते म्हणाल्या. मुलाने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग केला आहे, हे त्याने न लाजता सांगितले. रात्रभराची सूचना दुसऱ्या एका रुग्णाची होती, तीच इथेही चालेल असे त्याला वाटले होते. ध्येयांचा विषय निघाल्यावर आई प्रथमच बोलली: ‘विड्या नकोत आता, भाकरी थापता आली पाहिजे.’ पाच महिन्यांत हे तिला कोणी विचारलेच नव्हते, मीसुद्धा नाही. मुलाने ते वहीत लिहून घेतले आहे. त्यावर पुढे काय करायचे ते शुक्रवारी मॅडम ठरवतील.