प्रेअरी डॉगची शिकार : तापणारी नळी आणि शिसं
प्रेअरी डॉग (अमेरिकेच्या माळावर बिळांत राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) मारायला रायफलचं कोणतं काडतूस घ्यावं, या इथल्या चर्चेत ‘गोळी सपाट जाते म्हणून .२२-२५०च घ्या’ असं एक मत आलं. ते लांबच्या अंतरापुरतं पटतं. पण प्रेअरी डॉगच्या वसाहतीत बार एकामागून एक काढले जातात आणि जास्त दारूमुळे .२२-२५०ची नळी लवकर तापते, झिजते. कमी दारूच्या .२२३ काडतुसाची नळी त्या मानाने बरीच टिकते. शिवाय साउथ डकोटाच्या माळावर खरी परीक्षा वाऱ्याचीच.

शिशाबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. या गोळ्या आदळताच फुटतात, विषारी शिशाचे कण मृत प्राण्यात राहतात आणि तेच मांस सोनेरी गरुड खातात. तांब्याच्या गोळ्या महाग आहेत, तरी कृपया त्याच घ्या. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते. त्यामुळे नळीचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) १२ इंचांना एक, म्हणजे मंद असेल तर हलकी निवडा; लांब गोळी त्यात नीट स्थिर होत नाही.