लायबल : बदनामी, अब्रूनुकसानी की आणखी काही?

जुन्या कज्ज्यांवरच्या एका पुस्तकाचं भाषांतर तपासतोय. मुळात ‘जहाजाविरुद्ध लायबल दाखल केलं’ असं आहे, आणि भाषांतरात आलंय ‘जहाजाची बदनामी केली’. जहाजाची कसली डोंबलाची बदनामी! पण लायबल म्हणजे बदनामी, एवढंच मलाही माहीत. इथे काय लिहू?

– ‘दावा दाखल केला’ लिहा. लॅटिनमध्ये लिबेर म्हणजे पुस्तक आणि लिबेलस म्हणजे छोटं पुस्तक, चोपडं. इंग्रजीतही लायबल आधी नुसता लेखी कागद होता, मग फिर्यादीचा अर्ज झाला. सागरी दाव्यांत तो अर्थ टिकला, अमेरिकेत तर पार १९६६ पर्यंत. दुसरीकडे तोच शब्द कुणाची तरी निंदा करणाऱ्या पत्रकाला चिकटला आणि तिथून त्या पत्रकाने होणाऱ्या गुन्ह्याला. थोडक्यात, शब्दाचा जन्म कागदातला. निंदा मागाहून आली.

म्हणून तर स्लँडर वेगळं. ते तोंडी, हे लेखी. इंग्लंडात ‘लेखी’चा अर्थ पुढे ‘टिकाऊ’ असा ताणला गेला: १८९४ मध्ये मेणाच्या पुतळ्यावरूनही लायबलचा वाद कोर्टात गेला, आणि १९५२ च्या कायद्याने रेडिओवरचं बोलणं लायबलमध्ये धरलं. भेद नुसता कोशापुरता नव्हता. लायबल असेल तर प्रत्यक्ष नुकसान दाखवल्यावाचून दावा उभा राही. स्लँडरला, काही अपवाद सोडले तर, ते दाखवावं लागे.

– मग मराठीत दोन शब्द का नाहीत?

– कारण आपला शब्द कागदाकडे बघतच नाही. अब्रू फारसीतली: आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी उतरलं की झाली अब्रूनुकसानी, मग ते लिहून उतरवा नाहीतर चारचौघांत बोलून. कायदाही तसाच. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये बोललेलं, लिहिलेलं आणि खुणांनी दाखवलेलं एकाच व्याख्येत होतं; आता ते न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लेखीपणावर भर द्यायचाच असेल तर ‘बदनामीकारक मजकूर’ हा रुळलेला प्रयोग उत्तम. भरपाई मागितली असेल तर ‘दावा’, शिक्षा मागितली असेल तर ‘खटला’. वर्तमानपत्रं यात सर्रास घोळ घालतात. ‘मानहानी’ चुकीचं नाही, पण मला तो शब्द आता क्रिकेटच्या पानावरचाच वाटतो, पुढे ‘कारक पराभव’ हवाच.

– १८६२ चा मुंबईतला ‘महाराज लायबल खटला’ हा मग दावाच ना?

– दावाच. सुधारक करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात छापलेल्या लेखावरून वल्लभ संप्रदायाच्या यदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांची भरपाई मागितली होती. डॉ. भाऊ दाजींनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली, आणि निकालही त्यांच्याच बाजूने लागला. छापील लेख होता, त्यामुळे लायबल हे नाव चोख. ‘खटला’ मात्र आता नावातच मुरलाय, राहू द्या.

‘सिडिशस लायबल’ भेटलं तर तिथेही जपून. ‘राजद्रोही बदनामी’ लिहिलंत तर बदनामी कुणाची ते तुम्हालाच सांगावं लागेल. ‘राजद्रोही लेखन’ म्हणा.

– आणि ‘नुकसानीला कंपनी लायबल आहे’, हे तेच का?

– छे! तो जबाबदार या अर्थाचा वेगळाच शब्द. इंग्रजी उच्चारात थोडा फरक आहे, देवनागरीत दोघांचं एकच होतं. ‘संपादक लायबल’ असं नुसतं वाचलं तर माणूस जबाबदार आहे की मजकूर बदनामीकारक, काही कळायचं नाही.

– आभार. जहाज सुटलं. पण पुढच्याच पानावर ‘लायबलंट’ निघाला, आणि भाषांतरात त्याचा ‘बदनामी करणारा इसम’ झालाय.

– वादी हो, बिचारा वादी!