जुन्या लॅपटॉपवर, नेटशिवाय, जावास्क्रिप्टचे प्रयोग कुठे करायचे?

ऐरोलीकर:
भाची नववीत आहे, तिला सुट्टीत जावास्क्रिप्ट शिकवतोय. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. पावसात आमच्याकडे नेट सारखं जातं, त्यामुळे ऑनलाइन प्लेग्राउंड (कोड लिहून लगेच चालवून बघायचं पान) नको. एचटीएमएल फाइल डबलक्लिक करून उघडतो, पण कोड दोन फाइलींत करून इम्पोर्ट लिहिलं की कन्सोलमध्ये लाल अक्षरांत सीओआरएसची (परक्या ठिकाणची फाइल अडवणाऱ्या ब्राउझरच्या नियमाची) एरर येते. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) न टाकता जमेल?

तुर्भेवाली:
जमेल. डबलक्लिकने उघडलेल्या पानाचा पत्ता 'फाइल'ने सुरू होतो. तिथे ब्राउझर शेजारची फाइलसुद्धा परकी धरतो. साध्या स्क्रिप्टला ते चालतं, मॉड्यूलला, म्हणजे इम्पोर्ट वापरणाऱ्या कोडला, नाही. पायथन असेल तर त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, पायथनचा 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' (फोल्डरमधल्या फाइली ब्राउझरला देणारा छोटा सर्व्हर) चालू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक), पोर्ट ८००० उघडा. नेट लागत नाही. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसायला मिळालं की मी असेच प्रयोग करते.

पण खरं सांगू, प्लेग्राउंड भाचीलाच बनवू द्या! एक टेक्स्टएरिया (लिहायची चौकट), एक रन बटण, एक आयफ्रेम (पानातलं छोटं पान). बटण दाबलं की लिहिलेलं सगळं आयफ्रेमच्या एसआरसीडॉकमध्ये, म्हणजे त्या छोट्या पानाचा मजकूर म्हणून, टाकायचं. दर वेळी फ्रेम कोरी होते, म्हणून मागचा सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणारा कोड) पाठीमागे चालू राहत नाही. नवशिक्यांना हाच फार छळतो. फ्रेमला सँडबॉक्स (कोडवर बंधनं घालणारं कुंपण) लावून फक्त 'अलाउ स्क्रिप्ट्स' द्या, म्हणजे आतला कोड बाहेरच्या पानाला हात लावणार नाही. लिहिलेलं लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवा. इतकं करताना इव्हेंट, डॉम (पानातल्या घटकांची रचना), स्टोरेज सगळं तिच्या हाताखालून जातं.

कोपरी_ठाणे:
यात एक जपा. पान उघडताच जुना कोड आपोआप रन करू नका. त्यात न थांबणारा लूप असला तर टॅब अडकेल, आणि रिफ्रेश केल्यावर पुन्हा अडकेल. कोड नुसता दाखवा, रन बटणावरच. आणि चार ओळींचंच काही तपासायचं असेल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीच्या साधनांत), सोर्सेसखाली, स्निपेट्स (कोडचे छोटे तुकडे ठेवायची जागा) आहेत. तिथे लिहिलेलं टिकतं.

ऐरोलीकर:
इम्पोर्ट चाललं, मनापासून आभार! विंडोजवर 'पायथन'ऐवजी 'पीवाय' लिहावं लागलं. भाचीची चौकटही तयार आहे. फक्त कोडमध्ये टॅब दाबला की कर्सर रन बटणावर जातो.

तुर्भेवाली:
कीडाउनमध्ये (कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्ये) दाबलेली कळ टॅब आहे का बघा, असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, म्हणजे ब्राउझर कर्सर हलवणार नाही. मग सेटरेंजटेक्स्टने (टेक्स्टएरियात मजकूर घालणाऱ्या फंक्शनने) दोन स्पेस घाला. त्याला शेवटी 'एंड' द्या, म्हणजे कर्सर स्पेसच्या पुढे येईल.