उभं राहावंच, पण कुणाला मारून नव्हे

'चित्रपटगृहात राष्ट्रगीत चालू असताना उभं न राहणाऱ्याला सरळ आत टाका' हे म्हणणं काही पटलं नाही. उभं राहायलाच हवं, हे मात्र मलाही मनापासून वाटतं. जेमतेम ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ फोन खिशात टाकून, बोलणं थांबवून सावधान उभं राहायला धडधाकट माणसाला अडचण कसली?

पण बसलेला प्रत्येकजण माजोरडाच असतो, हे कुणी ठरवलं? २०१६ साली पणजीच्या एका चित्रपटगृहात चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका गृहस्थांना उभे राहिले नाहीत म्हणून मारहाण झाली होती. ते आठवलं की आजही संताप येतो. बिचाऱ्यांना उभं राहता येतच नव्हतं!

राहिला कायदा. १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीत मुद्दाम अडवणं किंवा ते चालू असताना गोंधळ घालणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चित्रपटगृहात ते वाजवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केली आणि जानेवारी २०१८ मध्ये स्वतःच ते ऐच्छिक केलं. वाजलं तर मान राखायचा, हे तेव्हाही कायम ठेवलं आणि दिव्यांगांना दिलेली सूटही.