पब म्हणजे परमिट रूम नव्हे

लहान मुलांना परदेशात पबमध्ये नेलं की संस्कार बुडाले, हे काहींचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आम्ही नाशिकहून इंग्लंडला गेलो तेव्हा लेक चार वर्षांची, बाहेर पाऊस, तिला भूक लागलेली आणि त्या खेड्यात पबशिवाय गरम जेवण कुठेच नाही, मग गेलो आत, तर शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा नातवंडांसोबत मस्त रविवारचं रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या) जेवत होते. कायद्याने तिथे मोठ्यांसोबत मुलं चालतात, पण काही पबचे स्वतःचे नियम असतात, म्हणून दारातच विचारायचं. आयर्लंडमध्ये मात्र मुलांना बारमध्ये रात्री ९ पर्यंतच थांबता येतं (मे ते सप्टेंबर या महिन्यांत रात्री १० पर्यंत), आणि ते योग्यच आहे, उशिरा गलका वाढतो, पोरं पेंगुळतात. आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीतही लोक मुलांना घेऊन जेवायला जातातच की!