ट्रॉली कोणाकडे आहे?

ग्रुप : सागरदीप सोसायटी, सभासद (फक्त कामाच्या सूचना)

रविवार, रात्री ८.५०

नेहा, ए-७०४ : गेटवर उभी आहे. पाच पिशव्या, दहा किलो तांदूळ, तेलाचा डबा आणि कडेवर झोपलेलं पोर. दोन्ही ट्रॉल्या गायब. कोणाकडे आहेत??

कुलकर्णी, सचिव : एक दुरुस्तीला गेलीय, चाक निखळलं होतं. दुसरी लॉबीत असायला हवी.

नेहा, ए-७०४ : लॉबीत नाही. वॉचमनकाका बी विंगमध्येही बघून आले.

शिंदे काकू, ए-२ : नेहा, पिशव्या माझ्या दारात ठेव गं. आधी बाळाला वर नेऊन झोपव, मग एकेक करून ने. दार उघडंच ठेवते.

कुलकर्णी, सचिव : सर्व सभासदांना पुन्हा एकदा विनंती. सामान वर पोहोचलं की ट्रॉली ताबडतोब खाली आणून ठेवावी. मागच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव झालेला आहे.

भोसले, डी-४०३ : ठराव झाला होता की नुसती चर्चा?

कुलकर्णी, सचिव : इतिवृत्त पाहावे.

देशपांडे, बी-५०२ : आज ट्रॉलीवरून भांडणं होतायत. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा कोणी हात लावायला तयार नव्हतं. १९३७ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला सिल्व्हन गोल्डमन नावाच्या माणसाची किराणा दुकानं होती. त्याच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. गिऱ्हाईकाचं पोट भरलेलं नसतं, हात भरून आलेले असतात. एकदा घडीच्या खुर्चीकडे बघताना त्याला सुचलं, हिला चाकं लावली आणि बसायच्या जागी टोपली ठेवली तर? ४ जूनला गाड्या दुकानात आणल्या. कोणी घेईना. बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे झाल्या. पुरुषांना वाटलं, एवढीशी टोपली उचलवत नाही का, असं लोक म्हणतील. शेवटी त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत खरेदीचं नाटक करायला लावलं. ते बघून बाकीचे ढकलायला लागले.

भोसले, डी-४०३ : आपण पण भाड्याने माणसं आणू सर. ट्रॉली परत आणून ठेवायचं नाटक करायला.

नेहा, ए-७०४ : 😂😂 बाळ झोपलं. तीन पिशव्या राहिल्यात काकू, येते.

शिंदे काकू, ए-२ : सावकाश ये.

शिंदे काकू, ए-२ : देशपांडेभाऊजी, आमच्या वेळी ट्रॉली नव्हती तरी काही अडत नव्हतं हो. वाण्याकडे यादी टाकायची. तो वरून टांगलेल्या रिळाचा दोरा सरसर ओढायचा, पुडीला दोन वेढे, एक हिसका की दोरा तुटला. तीस पुड्या बांधल्या तरी एकीची गाठ सैल नसायची. संध्याकाळी त्याचा पोऱ्या सामान घरी आणून टाकायचा, पैसे वहीत.

देशपांडे, बी-५०२ : वहिनी, १९१६ पर्यंत अमेरिकेतही हीच पद्धत होती. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. यादी दिली की नोकर एकेक वस्तू काढून द्यायचा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं. आत शिरायला फिरतं फाटक, मग एकच वाट, नागमोडी. सगळी फडताळं पार केल्याशिवाय पैसे द्यायच्या जागी पोहोचताच येणार नाही. प्रत्येक वस्तूवर किंमत. आपल्या हाताने उचला. या मांडणीचं त्याने १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. म्हणजे साबण आणायला गेलेला माणूस बिस्किटं, लोणचं आणि दोन प्लास्टिकचे डबे घेऊन येतो, ही सोय मुद्दाम केलेली आहे.

भोसले, डी-४०३ : हे आमच्या सौ.ना फॉरवर्ड केलं तर चालेल का?

देशपांडे, बी-५०२ : आधी स्वतःला करा. साँडर्सचं पुढे काय झालं तेही सांगतो. मेम्फिसमध्ये गुलाबी संगमरवराचा राजवाडा बांधायला घेतला आणि १९२३ मध्ये स्वतःच्याच कंपनीच्या शेअरांच्या सट्ट्यात सगळं घालवलं. कंपनी गेली, अर्धवट वाडाही गेला. आता तिथे संग्रहालय आहे.

कुलकर्णी, सचिव : सर, ग्रुप कामाच्या सूचनांसाठी आहे.

देशपांडे, बी-५०२ : ट्रॉलीच्याच विषयावर बोलतोय. एका सहकारी ग्राहक भांडारात चौतीस वर्षं खरेदी विभाग सांभाळला मी, तेवढा हक्क आहे.

शिंदे काकू, ए-२ : भांडारावरून आठवलं. आम्ही दादरला होतो तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ चालवायचो. १९७५ ला पंचायत सुरू झाली, आमचा संघ त्यानंतर दोनतीन वर्षांनी. महिन्याची यादी सगळ्या घरांची एकत्र. टेम्पो आमच्या दारात यायचा. दुकान नाही, पाटी नाही, ना कसली जाहिरात. हॉलमधली गादी गुंडाळायची आणि प्रत्येक घराचा वेगळा ढीग लावायचा. शेवटी एक हिंगाची डबी नेहमी उरायची किंवा कमी पडायची. मग पुन्हा सगळे ढीग मोजा. सासूबाई म्हणायच्या, आपलं घर आहे की गोदाम.

देशपांडे, बी-५०२ : वहिनी, हे फार मोठं काम होतं. मुंबईत लोक समजतात सुपरमार्केट मॉलबरोबर आलं. अपना बाजार १९४८ चा, नायगावच्या कामगारवस्तीतला. मूळ नाव मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ. एका दमात म्हणून दाखवा.

भोसले, डी-४०३ : ट्रॉली मिळाली का?

नेहा, ए-७०४ : नाही. पण सामान वर आलं. शिंदे काकूंनी तेलाचा डबा स्वतः लिफ्टपर्यंत आणला. मला लाज वाटली.

शिंदे काकू, ए-२ : मी अजून म्हातारी झाले नाही.

सोमवार, सकाळी ६.४०

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : (फोटो) (फोटो) (फोटो) (फोटो)

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : गुड मॉर्निंग सागरदीप! क्रूझवरचा सूर्योदय. गोव्याहून परतीच्या वाटेवर. दोन दिवस नेटवर्कच नव्हतं, आत्ता मुंबई दिसायला लागल्यावर आलं. एकदा तरी जायलाच हवं असं आहे. अथर्व तर स्विमिंग पूलमधून बाहेर यायला तयार नाही.

सावंत काका, सी-२०३ : व्वा. सुंदर. ही वाट माझ्या पायाखालची, म्हणजे बोटीखालची. शाळेत असताना दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचो. सकाळी बोट सुटायची. वळकटी आधी डेकवर टाकून जागा पकडायची, ते काम पोरांचं. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत जायची. बोट बंदराला लागायची नाही, लांब समुद्रात नांगर टाकायची. मग पडाव यायचे. बोट वर जाते तेव्हा पडाव खाली, पडाव वर येतो तेव्हा बोट खाली. दोघांची गाठ पडते तेवढ्या क्षणात उडी मारायची. माझ्या आजीला दोन खलाशी काखेत धरून अलगद खाली सोडायचे, पोतं सोडावं तशी. आणि ती त्यांना शिव्या घालायची. उजाडताना सिंधुदुर्ग दिसला की कळायचं, गावाक पोचलो.

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : काका किती छान! आम्हाला पण चढल्यावर आधी लाइफ जॅकेटचं ड्रिल दिलं. भोंगा वाजला की कुठे जमायचं वगैरे.

सावंत काका, सी-२०३ : ते चांगलं करतात. पूर्वी तसं काही नव्हतं. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला निघालेली, मुंबईबाहेर पडते न पडते तोच बुडाली. ६०० हून अधिक माणसं गेली. आमच्या घरात बोट सुटताना आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, ते त्यामुळे.

सामंत, सी-६०३ : (शुभ सकाळ, गुलाबाचा फोटो)

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : 🙏

नेहा, ए-७०४ : प्राजक्ता, बोट लागली का गं तुला?

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : मला नाही, ह्यांना. पहिल्या रात्री. मॅनेजरसाहेब जमिनीवर झोपले होते.

सावंत काका, सी-२०३ : काय सांगू तुका! आम्ही खिशात सुकं आवळा-आलं ठेवायचो. तरी लागायचीच. कोकणसेवक आणि कोकणशक्ती या दोन बोटी शेवटच्या काळातल्या, त्या जरा बऱ्या होत्या. नंतर एसटी वाढली, लोक रस्त्याने जायला लागले, बोटी बंद पडल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मग बोटीचं नाव कोण घेतो. २०१८ मध्ये आंग्रिया नावाची क्रूझ सुरू झाली होती मुंबई-गोवा. नाव वाचूनच बरं वाटलं होतं. कान्होजी आंग्र्यांवरून आणि समुद्रातल्या आंग्रिया बँक प्रवाळावरून दिलेलं.

भोसले, डी-४०३ : मधे एक फास्ट बोट होती ना गोव्याची? डीमार्टवाल्यांची.

देशपांडे, बी-५०२ : भोसले, ते दमानिया. नव्वदच्या दशकात त्यांची कॅटामरान मुंबई-गोवा जायची. डीमार्टचे ते राधाकिशन दमानी. एका ‘या’चा फरक आहे.

भोसले, डी-४०३ : म्हणजे मी वीस वर्षं समजत होतो बोटीच्या पैशातून डीमार्ट निघालं.

देशपांडे, बी-५०२ : शेअर बाजारातून निघालं. आणि आमच्या लोकांना एक गोष्ट आवडीने सांगावीशी वाटते. दमानींनी त्याआधी, १९९९ मध्ये, नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती. तो नमुना त्यांना पटला नाही. मग २००२ ला पवईत पहिलं डीमार्ट.

शिंदे काकू, ए-२ : पटलं नाही तरी शिकले ना.

सावंत काका, सी-२०३ : प्राजक्ता, जेवण कसं होतं? आम्ही भाकरी-चटणी बांधून न्यायचो, वर एक केळ्याचा घड. बोटीवर फक्त चहा विकत.

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : काका, बुफे! लोक ताटात डोंगर करत होते. इडलीवर पास्ता, पास्त्यावर गुलाबजाम. आणि गंमत म्हणजे रोख पैसे कुठेच चालत नाहीत. केबिनचं कार्ड दाखवायचं, सही करायची. सरबत, फोटो, स्पा, सगळं कार्डावर. शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं, तेव्हा ह्यांची बोट दुसऱ्यांदा लागली.

देशपांडे, बी-५०२ : हीच गोल्डमनची ट्रॉली! त्याने हातावरचं ओझं काढलं, यांनी खिशावरचं. वजन जाणवलं नाही की माणूस घेत सुटतो.

भोसले, डी-४०३ : सर तुम्ही भांडारात होता की मानसोपचारात?

देशपांडे, बी-५०२ : खरेदी विभागात दोन्ही येतं. आणि समुद्राचा विषय निघालाच आहे तर बारकोडही समुद्रकिनाऱ्यावर जन्मला हे सांगून टाकतो. नॉर्मन वुडलँड नावाचा तरुण मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बसला होता. मालाची ओळख यंत्राला कशी पटवायची, याच विचारात. त्याला मोर्स कोड येत होता. वाळूत टिंब आणि रेघ काढल्या, आणि चार बोटं वाळूत रोवून खाली ओढली. टिंबाची बारीक रेघ झाली, रेघेची जाड पट्टी. १९५२ ला त्याला आणि त्याच्या मित्राला पेटंट मिळालं. पण तो वाचणारा लेझर स्वस्त व्हायला आणखी वीस वर्षं गेली. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात पहिली वस्तू स्कॅन झाली. च्युइंगगमचं पाकीट, ६७ सेंट.

नेहा, ए-७०४ : सर हे मस्त आहे. मी उद्या बाळाला वाळूत बसवून बघते काय काढतोय.

सावंत काका, सी-२०३ : आमच्या पोरांनी मालवणच्या वाळूत नुसते खेकडे धरले.

कुलकर्णी, सचिव : चर्चा ज्ञानवर्धक आहे. ट्रॉली अजून मिळालेली नाही. सीसीटीव्ही पाहतोय. शुक्रवारी रात्री ९.१२ ला ए विंगच्या लिफ्टमधून वर गेली, खाली आलेली दिसत नाही. सोबत दोन मोठ्या पिशव्या आणि एक लहान मुलगा, ट्रॉलीवर बसलेला. डोक्यावर पोहण्याची टोपी.

भोसले, डी-४०३ : 👀

नेहा, ए-७०४ : पोहण्याची टोपी...

(प्राजक्ता पाटील, ए-६०१ : हा मेसेज डिलीट केला आहे)

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : अय्या. सॉरी सॉरी सॉरी. क्रूझला न्यायला खाकरा, चिवडा, थेपले आणले होते. वर नेऊन पॅसेजमध्ये ठेवली आणि पहाटे निघायच्या गडबडीत ग्रिलच्या आतच राहिली. ग्रिलला कुलूप आहे. चावी आमच्याकडे.

शिंदे काकू, ए-२ : क्रूझवर बुफे असताना थेपले?

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : सासूबाईंनी दिले काकू. आणि खरं सांगू, दुसऱ्या दिवशी तेच खाल्ले सगळ्यांनी.

सावंत काका, सी-२०३ : बघा. शिदोरी लागतेच.

कुलकर्णी, सचिव : ठरावानुसार दंड ५० रुपये. नोंद करतो.

भोसले, डी-४०३ : म्हणजे खरंच ठराव होता!

सोमवार, दुपारी १२.२५

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : पोहोचलो. गेटवर आहोत. तीन मोठ्या बॅगा, काजूच्या पिशव्या, आणि अथर्व टॅक्सीतच झोपलाय. बॅगा वर न्यायला ट्रॉली...

प्राजक्ता पाटील, ए-६०१ : हो हो, माहितीये कुठे आहे.

शिंदे काकू, ए-२ : दार उघडंच आहे.