अमेरिकन यादवी युद्ध: हा कॅप्टन शत्रू सोडून स्वतःच्याच सरकारवर का चिडलेला?

निवांत_वाचक
मंडळी, सध्या अमेरिकन यादवी युद्धातल्या एका कॅप्टनने घरी लिहिलेली पत्रं वाचतोय, स्कॅन करून नेटवर टाकलेली आहेत. उत्तरेकडचा माणूस, पोटोमॅकची सेना (उत्तरेची पूर्वेकडची मुख्य सेना), 1862-63 चा हिवाळा, व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीकाठी फॅल्मथला तळ. मला वाटलं लढायांची वर्णनं मिळतील, पण कसलं काय, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईवर जेमतेम दीड पान आणि बाकी सगळं पगार आला नाही, कागद संपत नाहीत, रजा नाकारली, नवा लेफ्टनंट बिनकामाचा आहे, चिखल, आणि परत पगार. नदीपलीकडच्या दक्षिणवाल्यांना एकदाही शिवी नाही, वॉशिंग्टनच्या कारकुनांना मात्र पानोपानी. हाच एक किरकिऱ्या होता की सगळ्या ऑफिसरांचं असंच होतं? आणि कॅप्टन म्हणजे पगार बरा असणार ना, मग दर पत्रात बायकोकडे पोस्टाची तिकिटं काय मागतो?

बखरबहाद्दर
किरकिऱ्या नाही हो, बिचाऱ्याचं गणितच बसत नव्हतं. कागदावर पायदळाच्या कॅप्टनला महिना 115.50 डॉलर आणि साध्या शिपायाला 13, म्हणजे राजाच की. पण शिपायाला जेवण सरकारी, कपड्यांचा भत्ता वेगळा, बंदूक सरकारी. कॅप्टनच्या त्या आकड्यात रेशनचा आणि नोकराचा भत्ता आधीच धरलेला, त्यामुळे खायचं विकत घ्यायचं, गणवेश स्वतःच्या पैशाने, तलवारसुद्धा स्वतःची. आता नियमाने हजेरी दर दोन महिन्यांनी घेऊन पगार वाटायचा, पण त्या हिवाळ्यात कित्येक रेजिमेंटना (म्हणजे बऱ्याच कंपन्या मिळून झालेल्या पलटणींना) सहा-सहा महिने पैसे मिळाले नव्हते. शिपाई निदान हार्डटॅक म्हणजे दगडासारखी कडक बिस्किटं आणि कॉफीवर जगतो, ऑफिसरला सरकारी कोठारातून घ्यायचं तर रोख मोजायला लागायची आणि छावणीत दुकान टाकून बसलेला सटलर अव्वाच्या सव्वा भाव लावणार. पदरमोड करून लढणारा पगारी माणूस असा सगळा प्रकार.

कागदांचं तर त्याहून वाईट. रोज सकाळी हजेरीचा रिपोर्ट, दोन महिन्यांनी तो भलामोठा मस्टर रोल आणि त्याच्या हाताने काढलेल्या नकला, दर तिमाहीला बंदुका-दारूगोळ्याचा हिशोब. कंपनीतली, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या तुकडीतली, प्रत्येक बंदूक, प्रत्येक पट्टा कॅप्टनच्या नावावर. लढाईत माणूस पडला, बंदूक नदीकाठी राहिली, तर ती का राहिली याचा दाखला जोडायचा, नाहीतर हिशोब अडकतो आणि वॉशिंग्टनवाले त्याचाच पगार अडकवतात. वर प्रत्येक जखमी माणसाच्या मागे हॉस्पिटलला त्याची माहितीची यादी पाठवायची, उंची, डोळ्यांचा रंग, भरती कधी झाला, शेवटचा पगार कधी मिळाला, कपडे किती उचलले. ती यादी पोचली नाही तर तिकडे खाटेवर पडलेल्याला एक पैसा मिळत नाही, मग त्याची बायको कॅप्टनलाच पत्र लिहिते. फ्रेडरिक्सबर्गला 13 डिसेंबरच्या हल्ल्यात उत्तरेचे मेलेले, जखमी, हरवलेले मिळून 12,000 च्या वर गेले, त्यानंतर कंपनी-कंपनीत किती कागद रंगले असतील विचार करा. तुमच्या कॅप्टनने लढाईवर दीड पान लिहिलं हेच नवल.

चढण_घाट
वरचा प्रतिसाद भारी. पण पैसा आणि कागद एवढंच नव्हतं, वरच्या लोकांवरचा विश्वासच उडाला होता. आधी नोव्हेंबरात सेनापती मॅक्लेलनला काढलं, त्याच्या जागी बर्नसाइड आला, तो फॅल्मथला झटकन पोचला तर पूल बांधायच्या होड्याच वेळेवर आल्या नाहीत, तोवर समोर दक्षिणेचा सेनापती ली टेकडीवर मस्त बस्तान मांडून बसला, आणि मग त्याच टेकडीवर लाटेमागून लाट पाठवली. जानेवारीत 20 तारखेला परत नदी ओलांडायला निघाले तर त्याच रात्री पाऊस लागला. तोफा आसापर्यंत चिखलात, एकेका तोफेला दुप्पट-तिप्पट घोडे जुंपले तरी हलेना, दोरांना माणसं लावली, हुरूप यावा म्हणून दारू वाटली तर रेजिमेंटा आपसातच हाणामारी करायला लागल्या. पलीकडचे पहारेकरी फळ्यांवर लिहून दाखवतायत की बर्नसाइड चिखलात रुतला. दोन दिवसांनी सगळे मागे. हे बघितलेला कॅप्टन कुणाला शिव्या देणार? पलीकडच्यांशी तर यांचे पहारेकरी छोट्या खेळण्यातल्यासारख्या होड्यांतून कॉफी देऊन तंबाखू घेत होते.

आणि तो बिनकामाचा लेफ्टनंट. स्वयंसेवक रेजिमेंटमधे सुरुवातीला कंपनीचे ऑफिसर शिपायांनीच मतं देऊन निवडलेले, वरच्या नेमणुका राज्याच्या गव्हर्नरच्या हातात. म्हणजे ज्याला शिक्षा करायची तो गावातलाच शेजारी, तो घरी पत्र लिहिणार आणि आठवड्यात गावभर बोभाटा. त्यात बऱ्याचशा राज्यांनी जुन्या रेजिमेंट भरण्याऐवजी नव्याच उभ्या केल्या कारण नवीन रेजिमेंट म्हणजे वाटायला नवीन पदं. (विस्कॉन्सिनने तेवढं शहाणपण दाखवलं, जुन्याच भरत राहिले.) तुमच्या कॅप्टनकडे तीस-चाळीस माणसं उरलेली आणि शेजारी कालची आलेली कोरी रेजिमेंट, तिचा कॅप्टन काही न बघता याच्याच बरोबरीचा.

कडू_कारलं
एवढं रडू नका रे त्याच्यासाठी. ऑफिसर राजीनामा देऊ शकत होता, मंजूर होवो न होवो, लिहिता तरी येत होता. शिपायाला पळून जाण्याशिवाय रस्ता नव्हता आणि पकडला तर कोर्ट मार्शल. जानेवारीच्या शेवटी बर्नसाइडच्या जागी हूकर सेनापती म्हणून आला तेव्हा पटावरची जवळपास 85,000 माणसं जागेवर नव्हती, आजारी, रजेवर, पळालेली सगळी धरून. हूकरने सैन्याला ताळ्यावर आणलं ते कशाने? आठवड्यातून चार वेळा ताजा पाव, दोनदा बटाटे नाहीतर कांदे, आणि शंभरात दोघांना आळीपाळीने रजा. म्हणजे रोग काय होता ते समजा. या युद्धात गोळीपेक्षा जुलाब आणि तापाने जास्त माणसं मेली, आणि ती बहुतेक लाकडाच्या खोपटात चौघं-चौघं दाटीने झोपणारी, वर चिमणी म्हणून बुडाशिवायचं पिंप ठेवलेलं. कॅप्टनला स्वतंत्र खोली.

आणि अजून एक, पत्रात त्याच्या स्वयंपाक्याचा उल्लेख येतो का बघा. नोकराचा भत्ता म्हणताय तो नोकर बऱ्याच वेळा नुकताच गुलामीतून सुटून छावणीत आलेला काळा माणूस असायचा. 1 जानेवारी 1863 ला लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला त्यावर छावणीत दोन तट पडले, काही ऑफिसर तर आम्ही यासाठी लढायला आलो नव्हतो म्हणून तणतणत होते, आणि त्यांची भांडी तेच लोक घासत होते. तुमचा कॅप्टन त्यावर काय लिहितो?

निवांत_वाचक
@कडू_कारलं उल्लेख आहे, दोनदाच. एकदा कॉफी छान करतो म्हणून आणि एकदा त्याचे पैसे द्यायचे राहिलेत म्हणून. नाव नाही लिहिलेलं कुठेच. जाहीरनाम्याबद्दल एक ओळ, की कंपनीत यावरून भांडणं नको म्हणून मी बोलत नाही. बायकोला तरी सांगायचं ना राव.
सगळ्यांचे आभार, आता त्या सारख्या येणाऱ्या बंदुकांच्या याद्या वगळून वाचणार नाही. तिकिटांचं मात्र राहिलंच.

बखरबहाद्दर
अरे हो. शिपायाला सोय होती, पाकिटावर शिपायाचं पत्र असं लिहून अधिकाऱ्याची सही घेतली की तिकिटाशिवाय जायचं, तीन सेंट घरच्यांनी पत्र घेताना भरायचे. ही सवलत कमिशन मिळालेल्या ऑफिसरांना नव्हती, त्यांना आधीच तिकीट लावायला लागायचं. त्यात 1862 मधे नाणी बाजारातून गायब झालेली, लोक तिकिटंच सुट्टे पैसे म्हणून वापरत होते, त्यामुळे छावणीत मिळायची मारामार. शिपायांची पत्रं बिनतिकिटाची जाताना बघायची आणि स्वतःच्या पत्रासाठी बायकोकडे तिकीट मागायचं! पुढच्या पत्रांत बघा, पेमास्टर (पगार वाटणारा अधिकारी) येऊन गेला की तिकिटांचं मागणं थांबतंय का ते.

निवांत_वाचक
आत्ताच चाळलं. पेमास्टर मार्चमधे आलाय. पुढच्याच पत्रात बायकोला पैसे पाठवल्याचं लिहिलंय, आणि खाली तिकिटं पाठव.